ज्ञानूआप्पांची बदली

१

उभ्या हयातीत ज्ञानूआप्पा साळुंख्यांनी पाठीवर काय काय वाहिलं ते विचारू नका. मसजिद बंदरात होते तेव्हा गुळाच्या ढेपा आणि मिरच्यांची पोती, पुढे बाजार खाडीपलीकडे वाशीला आला तेव्हा कांदे आणि बटाटे. एवढ्या काळात आप्पा कधी पडले नाहीत. पडले ते निवृत्त झाल्यावर, कोपरखैरण्याच्या स्वतःच्या घरात, प्लास्टिकच्या स्टुलावरून, आणि तेही भिंतीवरच्या घड्याळात सेल घालताना. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. हाडापेक्षा अब्रू जास्त दुखली. इस्पितळात कुणी विचारलं की आप्पा "पोतं उचलताना" असं सांगत, आणि शेजारी बसलेली लेक सुनयना लगेच "स्टूल" असं म्हणे.

आता माथाडी टोळीतली एक पद्धत सांगायला हवी. गड्याला गावी जायचं असलं, कुणाचं लग्न निघालं, अंगात ताप भरला, तर तो आपल्या जागी दुसरा माणूस उभा करतो. त्याला बदली म्हणतात. बदली दुसऱ्याच्या नावावर काम करतो. मुकादमानं "साळुंखे" अशी हाक मारली की बदलीनं ओ द्यायची. आप्पांना या पद्धतीचा भारी लळा. घरी सत्यनारायण होता तेव्हा पूजेला बसायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी चुलतभावाला बदली बसवलं होतं. उपरण्याची गाठ मारायची वेळ आली तेव्हा भटजींनी हरकत घेतली. बायको सत्यभामा ही गोष्ट मरेपर्यंत विसरली नाही.

तर ऑपरेशनच्या टेबलावर आप्पांच्या पाठीच्या कण्यात सुई टोचली, कमरेखालचं अंग कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं, आणि आप्पा घाबरले. चांगलेच घाबरले. डोक्याशी हिरव्या कपड्यातला, तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस उभा होता. आप्पांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आमचं काय आता एवढ्यात यायचं जमत न्हाय. घरी बदली लावून टाका."

"कुठपर्यंत?" त्या माणसानं विचारलं.

"म्या येस्तवर."

माणसानं मान डोलवली. ऑपरेशन आटोपल्यावर आप्पांनी हे सगळ्या वॉर्डाला सांगितलं आणि सगळा वॉर्ड पोट धरून हसला. आप्पाही हसले.

२

घरी आणायच्या आधी सुनयनानं सगळी तयारी करून ठेवली होती. ती चिंचवडला विमा कंपनीत कामाला, त्यामुळे कुठलंही संकट यायच्या आत त्याची व्यवस्था लावायची तिला खोडच. मोरीत धरायला दांडा बसवला. बसायच्या जागी भोक असलेली ती संडासाची खुर्ची आणली, जिच्याकडे बघायलाही आप्पा तयार नव्हते. चार पायांचा वॉकर आणला. व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टर अधूनमधून येणार होता. धुणीभांडी, पाणी, केरवारा यांसाठी जवळच्या बोनकोडे गावची काशी ठरवली. शेजारची जयमाला दोन्ही वेळचा डबा देणार होती. फोनही जयमालाकडेच होता, तेव्हा बातमी कळायची सोयही झाली.

"आप्पा, मी स्पष्ट बोलते," सुनयना म्हणाली. "दिवाळीला मी येणार. तेव्हा तुम्ही आपलं आपण उठत असाल, आंघोळ करत असाल, चहा करून पीत असाल, तर खुशाल राहा इथं. मी परत शब्द काढणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर चिंचवड."

"आन् न्हाय आलो तर?"

"उचलून नेईन."

"ज्ञानू साळुंख्याला उचलनारा अजून जन्माला यायचाय," आप्पा म्हणाले. त्या वेळी त्यांना दोन माणसांनी धरून रिक्षातून उतरवलं होतं.

चिंचवडचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. म्हणजे एकदा वर गेलं की खाली यायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच. शिवाय जावयाची आई, जिला आप्पांचं खाकरणं ऐकू आलं की पदर नाकाला लावायची सवय होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती. आप्पांनी तरुणपण मुंबईत गाळ्यात, म्हणजे टोळीच्या सामाईक खोलीत काढलं होतं. तिथे झोपायची जागा पाळीनं मिळायची. एक गडी कामाला उठला की दुसरा त्याच्या वाकळेत शिरायचा. म्हातारपणी सिडकोच्या त्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांपैकी एक घर नावावर झालं. एक खोली, पडद्यामागे स्वयंपाकघर आणि मोरी, एक दार, एक खिडकी. त्या दाराला आप्पांनी आतून कडी लावली तेव्हा एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला होता. हे दार सोडून ते कुठेही जाणार नव्हते.

सुनयनानं कुलूप काढलं. आप्पा वॉकर सरकवत कॉटपर्यंत आले, बसले, आणि टेकायला म्हणून वाकळेवर हात ठेवला.

वाकळ गरम होती.

उन्हानं तापलेली नव्हे. ऊन त्या खिडकीत दुपारनंतर यायचं आणि आता सकाळ होती. ही ऊब आप्पांना गाळ्यापासून ओळखीची होती. आत्ता, एवढ्यात, कुणीतरी उठून कामाला गेल्याची ऊब.

"काय झालं?" सुनयनानं विचारलं.

"ऑक्टोबर हाय," आप्पा म्हणाले. "उकडतंय."

३

पहिले काही दिवस काशी येई, पाणी भरी, भांडी घासी आणि बोनकोड्यात कुणाच्या जमिनीवर किती मजले चढले ते सांगून जाई. मग एका सकाळी ती पडदा सारून कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"आप्पा, यो काय लावलाय तुमी? पानी भरलाव, भांडी घासलाव, कपरं पन वालत घातलाव! मंग मी काय करू? तुमचा तोंड बगू?"

आप्पा अजून अंथरुणातच होते. रात्रीपासून कूसही बदलली नव्हती. वॉकर भिंतीशी होता तिथेच होता. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात जयमाला डबा घेऊन उभी दिसली. जयमालाच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चिंचवडला पोचते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मंग?" आप्पा म्हणाले. "हाडं साताऱ्याची हायती."

"बगा बाई," काशी जयमालाला म्हणाली. "अंगान येवढा जोर हाय, आनि डाकतर सांगतंय हलू नुको."

"आप्पा, ग्रेट आहात तुमी," जयमाला म्हणाली. "ताईला सांगते मी. उगाच टेन्शन घेऊन बसलीय ती."

दोघी गेल्या. आप्पांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मोर होते, सत्यभामेनं निवडलेले. ते मोर अगदी स्वस्थ होते. आप्पांनी स्वतःलाच समजावलं की काशी विसरभोळी आहे. काल स्वतःच सगळं करून गेली असेल आणि आज आठवत नसेल. बायामाणसांचं व्हतं तसं. मग त्यांना आठवलं की मघाशी जयमालाच्या अंगावरून आलेल्या वाऱ्यानं दोरीवरचा शर्ट हलला होता, आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं.

४

दुपारी गल्ली निपचित पडे. बायका पंख्याखाली, पोरं शाळेत, पुरुष बाजारात. त्या वेळी पडद्यामागे पाण्याचं पिंप सरकल्याचा आवाज येई. पिंप सरकायच्या आधी एक हुंकार येई.

हुंकाराचं असं असतं की प्रत्येक हमालाचा वेगळा. पोतं पाठीवर येताना छातीतून जो आवाज निघतो तो ज्याचा त्याचा. टोळीत पाठमोरा गडीही त्यावरून ओळखता येतो. हा हुंकार आधी घशात अडखळे, मग नाकातून सुटे, आणि शेवटी बारीक शिट्टीसारखा विरे. आप्पांनी तो ऐकला आणि ओळखला. सत्यभामा त्या शिट्टीवरून त्यांना आयुष्यभर चिडवत होती.

आप्पा तसे विचारी माणूस. त्यांनी ठरवलं, की आवाज मागच्या घरातला आहे, भिंत एकच आहे, घुमतो. जयमालाला सहज विचारलं तर ती म्हणाली मागचे लोक मे महिन्यापासून गावी आहेत. मग त्यांनी ठरवलं की गोळ्यांचा परिणाम. व्यायामवाला डॉक्टर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "डाक्टर, या गोळ्यांनी भास हुत्यात का?"

"कसले भास?"

"काम झाल्याचे."

"आप्पा, काम झाल्याचे भास होणाऱ्या गोळ्या असत्या तर मी त्या माझ्या साहेबाला कधीच चारल्या असत्या," डॉक्टर म्हणाला, आणि मोरीतला दांडा हलवून बघितला. "पण तुम्ही हा वापरताय हे छान आहे. अगदी गुळगुळीत झालाय."

आप्पांनी त्या दांड्याला एकदाही हात लावला नव्हता. त्यांनी काशीकडून स्पंज करून घेतला होता, डोळे मिटून.

आता दुसरा कुणी असता तर ओरडत बाहेर पळाला असता. आप्पांना पळता येत नव्हतं, ही एक गोष्ट. दुसरी अशी की ओरडून सांगायचं काय? कुणीतरी माझी भांडी घासतो? सुनयनानं त्याच दिवशी बॅग भरली असती. "बघा, एकटं राहून डोक्यावर परिणाम झाला" असं म्हणाली असती. म्हणजे खरं बोलावं तर घर जातं, आणि गप्प बसावं तर घरात जो कोण होता तो राहतो. आप्पा गप्प बसले. भीती वाटायची, नाही असं नाही. पण तिसऱ्या प्रहरी उशाशी आयता चहा यायचा, आणि भीतीची चहापुढे फार काळ मात्रा चालत नाही.

एकदा चहा अगोड लागला. आप्पा पडद्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "साखर कमी पडतीया."

दुसऱ्या दिवशी साखर बरोबर होती.

"आलं टाकत जा," आप्पा म्हणाले.

आलं आलं. तिथून मग आप्पांना चेव चढला. उभ्या आयुष्यात ते कधी मुकादम झाले नव्हते. दुसऱ्याच्या हुकमावर वाकायचं एवढंच त्यांना ठाऊक. आता पडल्या पडल्या ते हुकूम सोडू लागले. खिडकी पूस. घड्याळ पाच मिनिटं पुढं जातंय. फरशीवर पाणी नीट पिळून मार, माणसं घसरत्यात. पडदा कधी उत्तर देत नसे, पण काम चोख. आप्पांनी व्यायाम सोडून दिला. वॉकरवर टॉवेल वाळत पडू लागले. आपल्या जागी दुसरा चालतोय म्हटल्यावर आपण कशाला चालायचं, असा त्यांचा हिशेब. काशीही एक दिवस म्हणाली, "बसून ऱ्हायाला मना लाज वाटतं, आप्पा. तुमी बरं जालाव," आणि यायची बंद झाली.

सुनयनाचा फोन आला की जयमाला भिंतीपलीकडून ओरडून निरोप देई, "ताई म्हणतात शाब्बास!"

५

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सिताराम भेटायला आला. टोळीतला जुना गडी, एकाच गाळ्यात वाढलेला. आल्या आल्या त्यानं केळ्यांचा घड टेबलावर आपटला.

"माजला व्हय रं तू?" तो म्हणाला. "काल मार्केटात हाका मारमारून घसा बसला माझा. वळून तरी बघायचं!"

"काल?" आप्पा म्हणाले.

"बटाट्याच्या गाळ्याम्होरं. चांगला ताठ चालला हुतास. काठी न्हाय, काय न्हाय. म्या म्हनलं, ज्ञानूला लोखंड घातलंय का स्प्रिंग घातलीया?"

आप्पा उठून बसू लागले. एवढ्यात सितारामची नजर लुंगीखालच्या पायाकडे गेली आणि त्याचं हसू मावळलं. पोटरी हाताच्या मनगटाएवढी झाली होती.

"हे काय करून घेतलंस?" तो हळू आवाजात म्हणाला. "ह्या पायानं तू काल आलास?"

"सिताराम," आप्पा म्हणाले, "बदली लई दिस ऱ्हायला तर काय हुतं रं?"

सिताराम खुर्चीत रेलला. असल्या प्रश्नाला त्याच्याकडे नेहमीच गोष्ट तयार असे. "आपल्यातल्या गोटीरामाचं काय झालं इसरलास? गेला गावी, बसला आंबे खात. बदली इकडं निवांत. परत आला तर नवा मुकादम म्हनतोय, तू कोन? त्यो म्हनला, म्या गोटीराम. मुकादम म्हनला, गोटीराम तर त्यो काय पोतं उचलतोय. आन् टोळी हसाया लागली. कुनी बोललं न्हाय. बदली लई कामाचा हुता ना."

"मग गोटीराम कुठं गेला?"

"कुनाला ठावं," सिताराम म्हणाला, आणि आणलेल्या केळ्यांतलं एक सोलू लागला.

तो गेल्यावर आप्पांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पायांकडे नीट पाहिलं. हे पाय घेऊन दिवाळी गाठायची होती. मोरीपर्यंत जाता आलं नाही तर चिंचवड. आणि इथं राहिले तरी राहणार कोण, हा प्रश्न आता नव्यानं उभा होता.

उन्हं खिडकीतून आत आली होती. आप्पांनी वॉकरवरचे टॉवेल फेकून दिले, दात खात उभे राहिले, आणि पडद्यापर्यंत गेले. घामानं बनियन भिजलं. गडी परत आला की बदलीला मोकळं करताना जे सांगतो तेच त्यांनी सांगितलं. "म्या आलो. आता तू सूट."

पडद्यामागे कुणीतरी मोठा श्वास सोडला, ओझं उतरवल्यावर सोडतात तसा. आप्पांना पडदा सारायचा होता. पण आधी त्यांनी मान खाली घातली, आणि पडद्याच्या झालरीखाली त्यांना दोन पावलं दिसली. ओली, भेगाळलेली. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. मसजिद बंदरात गुळाची ढेप पडून आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं ते पुन्हा आलंच नव्हतं.

आप्पांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पुन्हा झालरीखाली पाहिलं. पावलं वळली आणि आत गेली. आत मोरी होती आणि मोरीच्या पलीकडे भिंत. आप्पांनी मग पडदा सारला. ओट्यावर चहाचं भांडं उपडं घातलेलं होतं आणि कुणीही नव्हतं.

६

त्यानंतरचे दिवस फार हालाचे गेले. सकाळी पिंप कोरडं. चहा करायला जावं तर दूध उतू. चहा झाला तर तो वॉकर धरून कॉटपर्यंत कसा न्यायचा? दोन्ही हात वॉकरला. आप्पांनी कप दातात धरून बघितला आणि मिशी भाजून घेतली. शेवटी ओट्याशी उभं राहूनच चहा प्यायचा हा शोध लागला. संडासाच्या खुर्चीशी त्यांचं पहिल्यांदाच तोंड भरून बोलणं झालं, त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही. एकदा मोरीत बसले ते उठताच येईना. दांड्याला धरून, शिव्या घालत, सत्यभामेची आठवण काढत, रडत, अखेर उठले.

पण उठले. आणि उठल्यावर त्यांना जो आनंद झाला तो सगळ्यात जड पोतं उचललं तेव्हाही झाला नव्हता. दुखत होतं ते त्यांचं दुखत होतं. सांडत होतं ते त्यांचं सांडत होतं. डॉक्टरला त्यांनी स्वतः निरोप पाठवला, व्यायाम दुप्पट करा म्हणून. जयमालाला सांगून पाण्यासाठी काशीलाही परत बोलावलं.

"आता कसं, बाईच्या हाताला काम गावला," काशी म्हणाली. मग त्यांना न्याहाळून म्हणाली, "पन तुमी जरा वाळल्यावानी दिसताव, आप्पा. मंगा बरं व्हतं."

दुपारी पडद्यामागे आता काही वाजत नसे. वाकळ गार असे. आप्पा त्या गार वाकळेत अंग टाकत आणि डोळे मिटून म्हणत, माझं घर.

७

नरकचतुर्दशीला गल्ली पहाटेपासून दणाणत होती. आप्पा उन्हं वर आल्यावर आंघोळीला गेले. सुनयना दुपारपर्यंत येणार होती. तिला दाखवायचं सगळं त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. आधी उठून दाखवायचं, मग चहा करून पाजायचा. नवं धोतर, कोट आणि टोपी मोरीच्या दाराशी खुंटीला टांगली होती. वॉकर मोरीच्या दाराबाहेर ठेवून, दांड्याला धरून, आप्पा पाटावर बसले आणि उटणं चोळू लागले.

साबण डोळ्यात असतानाच बाहेरच्या खोलीत सुनयनाचा आवाज आला. "आप्पा! अहो, दार तुम्ही उघडलंत? काठीसुद्धा नाही हातात?"

आप्पांना आधी वाटलं जयमालाकडचा टीव्ही. मग कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. गल्लीत फटाका फुटला. मग पुन्हा सुनयनाचा आवाज.

"खरंच येता चिंचवडला? मला वाटलं भांडावं लागणार. आता एवढे ठणठणीत झालात तर राहा म्हणणार होते मी. पण येता म्हणालात ना, बरं वाटलं, आप्पा. फार बरं वाटलं. पिशवी द्या इकडं."

"सुनी!" आप्पा ओरडले. "सुनी, म्या हितं हाय!"

बाहेर कुणीतरी लडी लावली. आप्पा दांड्याला लोंबकळत उठले. ओल्या पंच्यानं लेकीसमोर कसं जायचं म्हणून खुंटीकडे हात नेला. खुंटी मोकळी होती. ना धोतर, ना कोट, ना टोपी. तेव्हा मात्र लाज सोडून ते पंच्यावरच निघाले. वॉकर फरशीवर घसरत होता, कानावर साबण ओघळत होता, आणि पडद्याशी पोचले तोवर दार ओढलं गेलं होतं. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

आप्पांनी खिडकी गाठली. धुरात रिक्षा उभी होती. सुनयना हाताला धरून एका म्हाताऱ्याला आत बसवत होती. कोट आप्पांचा होता. टोपी आप्पांची होती. म्हातारा ताठ होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. रिक्षात शिरताना त्यानं मान अशी काही खाली घातली, जणू पाठीवर अजून पोतं आहे आणि ते चौकटीला लागू नये. सुनयनानं त्याचा कोट नीट केला. कितीतरी वर्षांत तिनं आप्पांकडे तसं हसून पाहिलं नव्हतं.

रिक्षा गेली. आप्पा गज धरून ओरडत राहिले. गल्लीतल्या पोरांना ते फटाक्यांवरून रागावताहेत असं वाटलं, दरवर्षी रागावत तसे, म्हणून पोरं हात हलवून पलीकडच्या गल्लीत गेली.

सणाच्या गडबडीत दिवस गेला. दिवेलागणीला जयमाला हातात पणती घेऊन आली. शेजाऱ्याचं घर बंद असलं तर त्याच्या खिडकीत एक दिवा ठेवते ती. पणती ठेवताना तिला गजांमागे आप्पा दिसले आणि ती दचकली.

"अगंबाई! तुमी अजून इथंच?"

"जयमाला, पोरी, कुलूप काढ," आप्पांचा आवाज बसला होता. "सुनीला फोन लाव."

जयमालानं पणती जरा वर धरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाळलेले गाल, भाजलेली मिशी, अंगावर नुसता पंचा. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कीव होती.

"आप्पा जाताना बोलून गेले मला," ती म्हणाली. "म्हणाले, आत बदली आहे, त्याला सांग आता तू सूट."

"अगं, म्याच आप्पा! ज्ञानू साळुंखे!"

"हो हो," जयमाला समजुतीनं म्हणाली. "माझे सासरे पण माथाडीच होते. बदलीला नाव तेच सांगावं लागतं, ठाऊक आहे मला." तिनं पदराखालून ताटली काढली आणि दोन चकल्या गजांमधून आत दिल्या. "घ्या. किती केलंत तुमी आप्पांचं, आमी बघत होतो ना. चावी कुणाकडं असेल तर बघते मी उद्या. सणासुदीचं आपल्या घरी जा आता."

ती निघाली. दोन पावलं गेल्यावर तिला काहीतरी सुचलं आणि ती परत वळली.

"पण तुमचं घर कुठं हो?"

आप्पांनी तोंड उघडलं. गल्लीत कुणीतरी मोठी माळ पेटवली, आणि ती बराच वेळ वाजत राहिली.